आधी तापतोय का ते पाहा

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कात आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन जाणाऱ्यांची फिशिंग ब्रिजच्या तळावर जागा मिळावी म्हणून दर उन्हाळ्यात झुंबड असते. पार्कात मुक्कामाचे तळ बरेच आहेत, पण वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी देणारा हा एकच. जागा मिळाली, गाडी लावली, जाडजूड केबल खांबाला जोडली की फ्रिजची चिंता मिटली असं सगळे धरून चालतात. कॅलिफोर्नियाहून भाड्याची आरव्ही घेऊन निघालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचा त्यात श्रीखंडाचा डबा असतो, दोन वेळची मळलेली कणीक असते, पोरांचं दूध असतं. सकाळी दार उघडावं तर दूध कोमट. फ्रिजच्या पॅनेलवरचा विजेचा दिवा मात्र छान पेटलेला.

या दिव्यापासूनच घोळाला सुरुवात होते. अनेक जुन्या मॉडेलांत तो दिवा एवढंच सांगतो की फ्रिज विजेवर चालवायचं ठरलं आहे. वीज पुढे कॉइलपर्यंत पोचते का, कॉइल तापते का, याची त्याला खबर नसते. आणि फ्रिज आवाज करून काही सांगेल म्हणावं, तर तो चालू असतानाही गप्पच असतो.

घरच्या फ्रिजला कॉम्प्रेसर असतो, तो घरघरतो. आरव्हीतल्या ‘अ‍ॅब्सॉर्प्शन’ फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नाही, पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. बंद पोलादी नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेले असतात. तळाच्या बॉयलरला आच दिली की पाण्यात विरघळलेला अमोनिया सुटतो आणि बुडबुड्यांसोबत पाण्यालाही वर ढकलतो. वर गेलेली अमोनियाची वाफ मागच्या पत्र्याच्या पंखांत निवून द्रव होते. हा द्रव फ्रिजच्या आतल्या नळीत उतरतो, तिथे हायड्रोजनच्या सोबतीत त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना आतली उष्णता ओढून घेते. माठातलं पाणी झिरपून उडतं आणि आतलं गार होतं, तसाच हा प्रकार. फक्त माठातलं उडालेलं पाणी परत येत नाही, इथे मात्र पाणी अमोनियाला पुन्हा पिऊन घेतं आणि बॉयलरकडे परततं. हायड्रोजनची युक्ती अशी, की नळ्यांमधला एकूण दाब सगळीकडे जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे पंप लागत नाही आणि झडपाही लागत नाहीत.

म्हणजे या यंत्राला आत काही गार करायचं असेल तर बाहेर काहीतरी तापवावं लागतं. ती आच प्रोपेन गॅसच्या ज्योतीनं देता येते किंवा विजेच्या कॉइलनं. अमेरिकेत तिला हीटिंग एलिमेंट म्हणतात. गिझर दुरुस्त करणारा आपला माणूस तिला कॉइलच म्हणेल. करंगळीएवढ्या जाडीची, वीतभराहून थोडी आखूड धातूची नळी, टोकाला दोन वायरी. बस्स, एवढीच.

ही कल्पना स्वीडनमधली. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ती मांडली आणि १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सनं हक्क विकत घेतले. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलच्या सर्व्हेल कंपनीनं गॅसवरचे असे फ्रिज घराघरांत नेले. त्याच काळात बर्लिनमध्ये एका कुटुंबाचा फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूनं बळी गेल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनीही बिनपंपाच्या फ्रिजचे आराखडे केले. त्यांतल्या एकाचं अमेरिकी पेटंट १९३० सालचं आहे. घरांतून हा फ्रिज पुढे हद्दपार झाला, पण जिथे वीज नाही किंवा जिथे शांतता हवी तिथे टिकला. वीज नसलेल्या गावांत लशी सांभाळायला वापरला जायचा तो रॉकेलवरचा फ्रिज याच घराण्यातला. मुंबईच्या हॉटेलात खोलीतल्या कपाटात मुकाट बसलेला मिनीबारही बरेचदा याच जातीचा असतो. आणि आरव्ही म्हणजे तर चाकांवरचं घरच. डोमेटिक आणि नॉरकोल्ड ही दोन नावं अमेरिकेतल्या अशा अनेक आरव्ही फ्रिजांच्या दारावर दिसतात.

आता मूळ प्रश्न. फ्रिज गार होत नाही म्हटल्यावर कॉइल बदलायची की नाही?

अनेक जण इथे थेट कॉइल मागवून मोकळे होतात, तर काही जण थेट सर्किट बोर्ड. बोर्ड महाग असतो, कॉइल स्वस्त, आणि दोन्ही निर्दोष निघण्याची शक्यता भरपूर. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार. यात गंमत अशी की या फ्रिजनं निदानाची सोय स्वतःच करून ठेवली आहे. त्याच्याकडे तापायचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. एक बंद करून दुसऱ्यावर चालवून पाहायचं, की अर्धं निदान झालं.

विजेवर गार होत नसेल तर बटण ‘ऑटो’वरून काढून गॅसवर ठेवायचं आणि रात्रभर तसंच चालू द्यायचं. ‘ऑटो’वर ठेवून ही परीक्षा होतच नाही, कारण ऑटोमध्ये यंत्र वीज दिसली की वीजच निवडतं. कॉइल मेली असली तरी बोर्डापर्यंत १२० व्होल्ट येताहेत, म्हणून ते गॅसकडे वळत नाही आणि मेलेल्या कॉइलवर विसंबून बसून राहतं. गॅसवर फ्रिज व्यवस्थित गार झाला, तर अमोनियाच्या नळ्या, मागचे पंख, दाराचं रबर, सगळं ठीक आहे. दोष विजेच्या वाटेवर आहे. गॅसवरही गार झाला नाही, तर कॉइलला हात लावायचं कारण नाही. गाडी पाणसळीत आहे का, मागची हवेची वाट मोकळी आहे का, की नळ्यांचं युनिटच गेलं, हे शोधायचं. आणि उलटं असेल, विजेवर चालतं पण गॅसवर नाही, तर बर्नरमध्ये काजळी किंवा कोळ्याचं जाळं सापडतं. कोळ्यांना बर्नरच्या नळीची भारी ओढ.

यलोस्टोनच्या तळावर मात्र ही तुलना जरा जपून करावी लागते. तो तळ साडेसात हजार फुटांहून उंचावर आहे. तिथल्या विरळ हवेत प्रोपेनची ज्योत नीट जळत नाही. उत्पादकांच्या पुस्तिका साधारण ५,५०० फुटांच्या वर शक्यतो विजेवर चालवा असं सांगतात. तिथे गॅसवर फ्रिज कुरकुरला म्हणून युनिट गेलं असं ठरवणं घाईचं होईल. वीज नसली तर गॅस, आणि गॅस रुसला तर वीज, असा हा एकमेकांना सावरणारा संसार. म्हणून उंचावर कॉइल गेली की ते जास्त बोचतं.

दोष विजेच्या वाटेवर आहे असं कळलं, तरी त्या वाटेवर कॉइल शेवटची आहे. आधीची ठिकाणं क्रमानं पाहावी लागतात. तळावरच्या खांबाचा ब्रेकर. गाडीतला ब्रेकर. गळती ओळखून वीज तोडणारं सुरक्षेचं सॉकेट कुठे पडलं आहे का. फ्रिजच्या मागचा प्लग. रस्त्याच्या हादऱ्यांनी तो ढिला होऊन लोंबकळत असल्याची उदाहरणं इतकी नेहमीची आहेत, की अनुभवी मेकॅनिक बाहेरची जाळी काढून सगळ्यात आधी तिथेच हात घालतो. मग बोर्डावरचा काचेचा फ्यूज. यात नवख्याला चकवणारी गोष्ट म्हणजे फ्रिज विजेवर चालत असला तरी त्याचा बोर्ड गाडीच्या बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालतो. बॅटरी मरणासन्न असेल तर खांबावर भरपूर वीज असून फ्रिज मुकाट बसतो.

आणि व्होल्टेज. याकडे फार कमी लोक पाहतात. टेक्सासच्या उन्हाळ्यात दुपारी तळावरच्या सगळ्या गाड्यांचे एसी एकदम सुरू झाले की खांबावरचं व्होल्टेज खाली येतं. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १२० व्होल्टला ३२५ वॉट देणारी कॉइल १०५ व्होल्टला सुमारे २५० वॉटच देते. आठव्या हिश्शाची घट व्होल्टेजमध्ये, पण आच जवळपास पाव हिश्शानं कमी. बाहेर चाळीस अंश असताना एवढं पुरत नाही. कॉइल धडधाकट, फ्रिज कोमट.

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच मल्टिमीटर घेऊन कॉइलपाशी जायचं. मागची जाळी काढल्यावर आत धूळ, एखादं गांधीलमाशीचं जुनं घर, गंजलेले नटबोल्ट आणि मध्ये उभी पत्र्यात गुंडाळलेली नळकांडी दिसतात. त्या पत्र्याआड खनिज लोकरीचं आवरण आणि आवरणात बॉयलर. दोन वायरी त्यात शिरताना दिसतात, त्या कॉइलच्या. १२० व्होल्टचा प्लग काढून, बॅटरीची जोडणी तोडून, गॅस बंद करून, मोबाइलनं वायरिंगचा फोटो काढून ठेवायचा आणि मगच त्या वायरी बोर्डावरून सुट्या करायच्या. वायरी न सोडवता मोजलं तर मीटर बोर्डामधून दुसऱ्याच कशाचा तरी आकडा दाखवतो आणि माणूस चुकीच्या मार्गाला लागतो.

हिशेब शाळेतलाच आहे: व्होल्टेजच्या वर्गाला वॉटनं भागलं की ओहम. फ्रिजच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर वॉट छापलेले असतात. ३२५ वॉट आणि १२० व्होल्ट, म्हणजे १४,४०० भागिले ३२५, म्हणजे सुमारे ४४ ओहम. ३०० वॉटची असेल तर ४८. मीटरवर याच्या आसपास, साधारण दहा टक्के इकडेतिकडे, आकडा आला तर तार शाबूत. काहीच आकडा आला नाही तर आतली तार तुटलेली. शून्याच्या जवळ आला तर शॉर्ट, आणि फ्यूज का उडत होता याचं उत्तर तिथेच. काही मोठ्या, चार दारी मॉडेलांत २२५ वॉटच्या दोन कॉइल असतात. एकेक मोजली तर ६४ ओहम, दोन्ही समांतर मोजल्या तर ३२. समांतर मोजताना ६४ दिसले तर समजायचं की दोघींतली एक गेली. अशा वेळी फ्रिज पूर्ण बंद पडत नाही, नुसता कुंथतो: वरच्या कप्प्यात बर्फ कसाबसा होतो, खालची भाजी मात्र मान टाकते. हा अर्धवट बिघाड सर्वात जास्त दिवस लपून राहतो.

ओहमच्या आकड्यावर थांबणं मात्र धोक्याचं. कॉइलच्या आत नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड वीज अडवते पण ओलावा ओढते. चार-सहा महिने दमट जागी उभ्या राहिलेल्या गाडीत पुडीत ओल शिरली की वीज बाहेरच्या धातूकडे पाझरू लागते. तारेचा आकडा अगदी बरोबर ४४, आणि तरी फ्रिज लावला की सुरक्षेचं सॉकेट टपकन पडतं. म्हणून मीटरचं एक टोक कॉइलच्या वायरीला आणि दुसरं नळीच्या उघड्या धातूला लावून पाहायचं. तिथे काहीही वाचन येता कामा नये. काही मेकॅनिक अशा ओलावलेल्या कॉइलसाठी फ्रिज आधी दिवसभर गॅसवर चालवतात. ज्योतीच्या आचेनं पूड सुकते आणि गळती थांबतेही. तरी जी कॉइल एकदा पाझरली तिच्यावर पुढच्या पावसाळ्यात भरवसा ठेवू नये, हे बरं. सॉकेट सारखं पडतं म्हणून ते बदलून साधं सॉकेट बसवणारे महाभागही आहेत. ओल्या जमिनीवर उभं राहून पत्र्याच्या गाडीच्या दाराच्या मुठीला हात लावणाऱ्याचा जीव त्या सॉकेटवर अवलंबून असतो, हे ते विसरतात.

सर्वात खात्रीची परीक्षा चालू प्रवाहाची. कॉइलची एक वायर टाँग टेस्टरच्या जबड्यात धरायची. ३२५ वॉटच्या कॉइलला १२० व्होल्टवर सुमारे २.७ अँपिअर हवेत. तेवढे आले तर कॉइल, फ्यूज, बोर्डावरचा रिले, वायरिंग सगळं एका फटक्यात निर्दोष ठरतं. दोन्ही वायरी एकत्र जबड्यात धरू नयेत. जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना मारतात आणि मीटर शून्य दाखवतो. या एका चुकीपायी किती धडक्या कॉइल कचऱ्यात गेल्या असतील, कोण जाणे. प्रवाह येत नाही आणि बोर्डाच्या टर्मिनलवर व्होल्टेजही नाही, तर मात्र दोष बोर्डाच्या रिलेकडे किंवा आतल्या तापमापक सेन्सरकडे जातो. आत पुरेसं गार आहे असा सेन्सरनं खोटा निरोप दिला तर बोर्ड कॉइलला वीजच सोडत नाही. डोमेटिकच्या सेन्सरची तपासणी घरगुती आहे: बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात आठ-दहा मिनिटं बुडवून ठेवला की तो ७,००० ते १०,००० ओहमच्या मधला आकडा दाखवायला हवा.

काही फ्रिजांना तिसरीही वाट असते, गाडी चालू असताना वापरायची १२ व्होल्टची कॉइल. तिच्या तक्रारी वेगळ्याच. १७५ वॉटची कॉइल १२ व्होल्टवर साडेचौदा अँपिअर खाते आणि तिचा रोध जेमतेम ०.८२ ओहम. एवढ्या कमी रोधापुढे वायरिंगमधला ०.१ ओहमही जड जातो: गंजलेलं एक टर्मिनल, एक बारीक वायर, आणि कॉइलची ताकद पाचव्या हिश्शानं घटते. ही कॉइल गेल्याचा संशय आला की आधी तिच्या टोकांवर, चालू अवस्थेत, व्होल्टेज मोजायचं. बॅटरीवर बारा आणि इथे अकराच्या खाली असेल तर दोष वाटेत आहे. शिवाय इंजिन बंद करून ती चालू ठेवणारा माणूस सकाळी बॅटरीही गमावून बसतो.

समजा कॉइलच गेली आहे. ती बदलणं सोपं, काढणं अवघड. बॉयलरच्या नळीला वेल्ड केलेल्या एका खोबणीत ती सरकवलेली असते आणि वर्षानुवर्षं तापून-निवून तिथेच घट्ट बसते. पकडीत धरून हळूहळू डावीउजवीकडे फिरवत, सुटली की ओढत काढायची. हातोडी, छिन्नी, ड्रिल यांना इथे अजिबात जागा नाही. खोबणीला लागून असलेल्या नळीत अमोनिया आणि हायड्रोजन वातावरणाच्या वीसपटीहून अधिक दाबाखाली कोंडलेले आहेत. नवी कॉइल त्याच वॉटची घ्यायची, त्याच खोबणीत तेवढीच खोल सारायची आणि लोकरीचं आवरण पुन्हा नीट गुंडाळायचं. ‘थोडी मोठी घातली तर लवकर गार होईल’ हा हिशेब साफ चुकीचा आहे. बॉयलर जास्त तापला की अमोनियासोबत पाण्याची वाफही वर जाते आणि फ्रिज उलट कमी गार होतो. त्याहून वाईट म्हणजे नळ्या गंजू नयेत म्हणून आतल्या द्रवात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. ते अतितापानं बाहेर पडून नळीत साचतं आणि रस्ता तुंबतो. गाडी तिरकी उभी करून फ्रिज चालू ठेवल्यानंही नेमकं हेच होतं, आणि दर वेळचं नुकसान मागच्यात भर घालत जातं. फ्रिज काढून उलटा करायचा, हलवायचा, दिवसभर ठेवायचा, असा तुंबलेलं सोडवण्याचा एक जुना उपाय आरव्हीवाल्यांत चालत आलाय. कधीकधी तो लागूही पडतो, रेडिओला थोपटल्यावर विविधभारती लागायची तसा.

बॉयलरपाशी पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा झोंबरा वास आला, तर तपासणी तिथेच संपते: गॅस बंद, वीज बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर. पूड क्रोमेटची असते आणि विषारी असते. तिचा अर्थ नळीला तडा गेला आहे. हा धोका कागदावरचा नाही. २००६ साली डोमेटिकनं अमेरिकेतल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेकडे नोंद करून ९,२६,८७७ फ्रिज परत तपासणीला बोलावले. एप्रिल १९९७ ते मे २००३ या काळात बनलेल्या दोन दारी फ्रिजांत बॉयलरच्या नळीला धातू थकून तडा जाण्याची, द्रव बाहेर येऊन ज्योतीपाशी पेटण्याची शक्यता आढळली होती. जुनी आरव्ही विकत घेणाऱ्यानं फ्रिजचा मॉडेल नंबर त्या यादीशी ताडून पाहिल्याशिवाय कॉइलवर एक डॉलरही खर्चू नये. भाड्याच्या गाडीतल्या पाहुण्यानं ब्रेकर, प्लग, बटण आणि पाणसळ एवढं पाहून पुढचं काम गाडीच्या मालकावर सोपवावं. मागची जाळी उघडणं भाड्यात धरलेलं नसतं.

युनिटच गेलं असेल तर हल्ली बरेच मालक ते बदलण्याऐवजी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवतात. छपरावर सोलर आणि खाली लिथियम बॅटरी आल्यापासून तो परवडतो, लवकर गार करतो आणि गाडी तिरकी असली तरी रुसत नाही. नव्या गाड्यांत तर कारखान्यातूनच तो येऊ लागला आहे. तरी हिवाळ्यात अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात विजेच्या खांबाविना आठवडेच्या आठवडे तळ ठोकणाऱ्यांत प्रोपेनचा मुका फ्रिज सोडायला तयार नसलेले म्हातारे अजून भेटतात. एका सिलिंडरवर तो दिवसचे दिवस चालतो आणि रात्री घरघरत नाही, एवढं त्यांना पुरतं.

कॉइल बदलल्यावर मात्र धीर धरावा लागतो. गरम झालेला फ्रिज पूर्ण गार व्हायला आठ तासांपासून पूर्ण दिवसापर्यंत लागतो, आणि पहिले काही तास आत हात घालून काहीच कळत नाही. जाणकार आत हात घालतही नाही. तो तासाभरानं गाडीच्या मागे जातो, छपरावरच्या, फ्रिजची हवा सोडणाऱ्या झरोक्यापाशी शिडी लावतो आणि तळहात धरून पाहतो, वर येणारी हवा कोमट लागते का.